चहा तर स्वस्त झाला होता, दादा

"प्रशासक असो नाहीतर नगरसेवक, टॅक्स तर तेवढाच भरायचाय, मग मत देऊन काय उपयोग?" जानेवारीत माझ्या मामेभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे टाकलं आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. दादा कोथरूडला राहतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मधे संपली, मग जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे, आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक लागली तर हा म्हणतो मी जाणार नाही. वर आणि हेही लिहिलं की अमेरिकन लोक बघा, टॅक्स वाढला म्हणून चहा समुद्रात फेकला आणि मोकळे झाले, आपल्या लोकांत तो दमच नाही.

मावशीने खाली अंगठा दिला. मला झोप लागली नाही त्या रात्री.

दादा, पहिली गोष्ट म्हणजे चहा महाग झालाच नव्हता. उलट स्वस्त झाला होता. अमेरिकेत तेव्हा ब्रिटिशांच्या वसाहती होत्या, आणि १७७३ चा टी अ‍ॅक्ट, म्हणजे लंडनचा चहाचा कायदा, आला तो बुडायला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वाचवायला, तिला मधले व्यापारी टाळून थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा दिली, तिची इंग्लंडमधली जकात परत केली, आणि त्यामुळे तो चहा चोरून आणलेल्या डच चहाशीसुद्धा टक्कर देईल इतका उतरला. फक्त पौंडामागे तीन पेन्सचा जुना टॅक्स तसाच ठेवला. तरी १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या धक्क्यावर ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. स्वस्त चहा कोण फेकतं? ज्याला कळतं की हा एकदा मुकाट्याने प्यायलो की आपल्यावर टॅक्स बसवायचा लंडनच्या पार्लमेंटचा हक्क आपणच मान्य केला, तो फेकतो. आणि त्या पार्लमेंटमधे या वसाहतींचा एकही माणूस बसत नव्हता.

किती भरायचं यापेक्षा कोण ठरवणार, भांडण तिथे होतं. इंग्लंडमधल्या माणसाच्या डोक्यावर यांच्यापेक्षा कितीतरी जास्त टॅक्स होता. १७६३ ला फ्रेंचांबरोबरचं युद्ध संपलं, लंडनवर प्रचंड कर्ज झालं, त्यांना वाटलं वसाहतींच्या रक्षणाला पैसे गेले तर थोडे त्यांनी द्यावेत, आणि खरं सांगायचं तर हे म्हणणं काही अगदीच चुकीचं नव्हतं. मग १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट आला, वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा टॅक्स. इतका गोंधळ झाला की वर्षभरात मागे घेतला, पण त्याच दिवसांत दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी कुठल्याही बाबतीत कायदे करायचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पैसे सोडले, अधिकार नाही सोडला. टॅक्स रद्द झाला तरी लोक गप्प का बसले नाहीत याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

आणि लंडनचं उत्तर काय होतं माहितीये? तुम्ही मत दिलं नसलं म्हणून काय झालं, पार्लमेंट सगळ्यांचंच हित बघतं, मँचेस्टरचा तरी कुठे खासदार आहे. दादा, "प्रशासक आयएएस असतो, शिकलेला असतो, नगरसेवकांपेक्षा बरा" हे तुझं पुढचं वाक्य मला जसंच्या तसं तेच वाटलं.

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधे राहतो, म्हणजे बॉस्टनच्याच राज्यात, तिथून वूस्टर शहर वीस मिनिटांवर आहे, आमचं गणपतीचं सामान, भाजी, सगळं त्या बाजूला. चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ मधे मॅसॅच्युसेट्सची निवडलेली कौन्सिल काढून राजाने नेमलेली माणसं बसवली, आणि गावांना सांगितलं की टाउन मीटिंग, म्हणजे गावाचा कारभार ठरवणारी गावकऱ्यांची सभा, वर्षातून एकदाच घ्या, जास्त घ्यायची तर गव्हर्नरची परवानगी काढा. प्रशासकच नेमला की! तर ६ सप्टेंबरला आजूबाजूच्या ३७ गावांतून ४,६२२ माणसं, मोजून, वूस्टरच्या मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि राजाच्या कोर्टाच्या अधिकाऱ्यांना हातात टोपी घेऊन त्यांच्यामधून चालायला लावलं, दर थोड्या अंतरावर थांबून आपण अधिकार सोडला असं वाचून दाखवायचं, पुन्हा पुन्हा, तीसएक वेळा. गोळी एकही सुटली नाही. ज्या लढाईने युद्ध सुरू झालं ती लेक्सिंग्टनची लढाई त्यानंतर सात महिन्यांनी. लोकांना चहाच तेवढा माहीत असतो, मला मात्र ही टोप्या काढलेल्या अधिकाऱ्यांची रांग जास्त मोठी वाटते.

डॅन्व्हर्सचा लेव्हाय प्रेस्टन नावाचा एक म्हातारा होता, १७७५ मधे लेक्सिंग्टनच्या त्या दिवशी लढलेला. नव्वदी ओलांडल्यावर त्याला एका तरुणाने विचारलं की स्टॅम्प अ‍ॅक्टमुळे लढलात का, तर म्हणाला स्टॅम्प कधी पाहिलाच नाही. चहाचा टॅक्स? चहाचा घोटही घेतला नव्हता. मग कशासाठी? तर आम्ही आमचा कारभार आमचाच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो, त्यांना ते नको होतं, बस.

हे सगळे संत होते असं मी म्हणत नाही. स्मगलिंगवर पोट असलेले व्यापारी त्यात होते, अ‍ॅपलाचियन डोंगरापलीकडच्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले होते, घरात गुलाम ठेवून स्वातंत्र्यावर बोलणारे तर पुष्कळ. आणि दम म्हणशील तर १७७९ च्या जानेवारीत, इथलं युद्ध चालू असतानाच, आपल्या लोकांनी त्याच कंपनीच्या मुंबईच्या फौजेला वडगावला शरण आणलं होतं. लोणावळ्याला जाताना तू दर वेळी तिथूनच जातोस.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, एवढंच लांब. दादाचं उत्तर एका ओळीचं आलं. "तू तिकडे बसून शिकवू नको, तुझं स्वतःचं मत कुठे आहे ते सांग."

मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. कारण कुठेच नाही. २०११ ला इथे आलो, ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, आय-१४०, कधीच मंजूर झालाय, पण रांगेतला माझा नंबर, प्रायॉरिटी डेट, काही येत नाही. फेडरल, स्टेट, सोशल सिक्युरिटी, घराचा प्रॉपर्टी टॅक्स, सगळं वेळेवर भरतो आणि त्यातला एक डॉलर कुठे जावा हे ठरवायला माझा हात वर होऊ शकत नाही. वॉशिंग्टनला गेलो होतो तेव्हा तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर प्रतिनिधीशिवाय टॅक्स बंद करा असं लिहिलेलं मुलाने मोठ्याने वाचलं, आणि मी पटकन विषय बदलला. तो पाचवीत आहे, हे सगळं शाळेत शिकतोय, आठ वर्षांनी मत देईल. पुण्यातलं माझं शेवटचं मत २००९ चं, एरंडवण्याच्या शाळेत, बाबांच्या मागे रांगेत उभं राहून. परदेशातून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतःच केंद्रावर जावं लागतं, आणि मी नावसुद्धा नोंदवलेलं नाही. इतकी वर्षं मी वेळ नाही असं सांगत आलो. खरं म्हणजे नाव नोंदवलं असतं तर मी तिथला आहे की इथला हे मला स्वतःशी ठरवावं लागलं असतं.

म्हणून दादाच्या वाक्याचा मला इतका राग आला. कोथरूडला चार जणांचा प्रभाग, म्हणजे त्या एका दिवशी त्याच्या हातात चार मतं होती, आणि त्याला ती नको होती.

शेवटी तो गेला. मामीला न्यायचं होतं म्हणून गेला, असं वहिनीने सांगितलं. शाई लावलेल्या दोन बोटांचा फोटो वहिनीनेच पाठवला, दादाने त्यावर काही लिहिलं नाही आणि मीही नाही.

मे महिन्यात आमच्या गावाची टाउन मीटिंग आहे, शाळेच्या बजेटवर मोठी चर्चा होणार. मी दर वर्षी जातो. मत नसलेल्यांच्या खुर्च्या बाजूला वेगळ्या मांडलेल्या असतात, मी तिथे बसतो, सगळं ऐकून घेतो, आणि सभा चालवणाऱ्या मॉडरेटरने मतदान पुकारलं की दोन्ही हात मांडीवर ठेवतो.