पाणी सपाट, रस्ता नव्हे

पाणी आपली पातळी सोडत नाही, तेव्हा पाण्याकाठचा रस्ताही सपाटच असणार, हा माझ्या मित्राचा सिद्धान्त होता. आणि भौतिकशास्त्रात आयुष्यभर काठावरच पास झालेल्या मला तो इतका पटला, की इटलीतल्या कोमो तलावाभोवती चार दिवस सायकल चालवायला मी तत्काळ होकार दिला. वाटेत जुनी गावे, चर्चे आणि किल्ले लागतील, दमलो तर इतिहास पाहू आणि इतिहासाने दमलो तर पाणी पाहू, अशी ती योजना होती. चढाबद्दल मी एकदाच विचारले. “किरकोळ आहे,” तो म्हणाला.

हा तलाव नकाशावर पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसासारखा दिसतो. डाव्या पावलाशी कोमो, उजव्या पावलाशी लेक्को आणि दोन्ही पाय जिथे मिळतात तिथे बेल्लाजो. तो हिमनदीने डोंगर कोरून केलेला असून ४०० मीटरहून अधिक खोल आहे. ज्या तलावाचा काठ पाण्याखाली इतका तडक उतरतो, तो पाण्यावर आल्यावर अचानक सभ्य का होईल, हा प्रश्न घरी बसून सुचायला हवा होता. मला तो कोमोहून निघाल्यावर चौथ्या किलोमीटरला सुचला.

कोमो ते बेल्लाजो हे अंतर सुमारे ३० किलोमीटर. रस्ता पाण्याकाठचा आहे हे खरे, पण डोंगराची प्रत्येक सोंड पाण्यात उतरताना तो तिच्या खांद्यावर चढतो, पलीकडे उतरतो आणि पुढची सोंड दिसताच पुन्हा चढू लागतो. रुंदीने तो एवढा, की वळणावर बस समोर आली तर मी भिंतीला पाठ लावून एखाद्या कोरीव मूर्तीसारखा उभा राहत असे. पाणी बहुतेक वेळ कुंपणांच्या आणि बागांच्या पलीकडे होते. जिथे ते स्पष्ट दिसत होते, तिथे मी हँडलवर मान टाकून पुढच्या चाकाकडे पाहत होतो, त्यामुळे त्या जगप्रसिद्ध निसर्गसौंदर्याविषयी मला अधिकाराने काही सांगता येणार नाही. डांबराविषयी विचाराल तर सांगेन.

त्यात वारा. या तलावाला दोन वारे आहेत आणि दोघांनाही नावे आहेत, यावरूनच त्यांचा दरारा ध्यानात यावा. रात्री डोंगरावर थंड झालेली हवा खोऱ्यातून खाली घरंगळते, म्हणून सकाळी उत्तरेकडून ‘तिवानो’ वाहतो. उन्हाने डोंगर तापले, की हवा उलट्या दिशेने वर ओढली जाते आणि दुपारी दक्षिणेकडून ‘ब्रेवा’ सुटतो. मासेमारी करणाऱ्यांना आणि शिडाच्या होड्यांना हे वेळापत्रक फार सोयीचे असते. आम्ही मात्र सकाळच्या थंडाव्यात उत्तरेकडे जायचे आणि दुपारी दक्षिणेकडे परतायचे असे ठरवले होते, म्हणजे दोन्ही वेळा वारा आमच्या छातीवर यावा अशी चोख व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. “मग दुपारी निघून सकाळी परतू या,” असे मी सुचवले. मित्राने ते हसण्यावारी नेले. मी गंभीर होतो.

बेल्लाजोच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर माझा पहिला जाहीर पराभव झाला. रस्त्यावरच्या सायकलीसाठी जे बूट मिळतात त्यांच्या तळाशी क्लीट असते. ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला वळवल्याशिवाय सुटत नाही. थांबताना आधी टाच वळवायची आणि मग थांबायचे, हा क्रम मला पाठ होता. पण समोर बोटीसाठी रांगेत उभी असलेली पन्नासएक माणसे पाहून मी ऐटीत आधी थांबलो. सायकल क्षणभर सरळ उभी राहिली. मग आम्ही दोघे, म्हणजे सायकल आणि मी, एकमेकांना न सोडता, अतिशय सावकाश, उजवीकडे कलू लागलो. इतके सावकाश, की मला रांगेतल्या एका आजोबांशी नजरानजर करायला आणि ओशाळे हसायलाही वेळ मिळाला. जमिनीवर पोचल्यावरही दोन्ही पाय पेडललाच होते. आजोबांनी पुढे होऊन आधी सायकल उचलली. मी तिला जोडलेला असल्यामुळे माझाही उद्धार झाला.

दुसऱ्या दिवशी गिझाल्लोची मादोन्ना. बेल्लाजोच्या वर ७५४ मीटर उंचीवर हे छोटेसे चर्च आहे. तिथल्या मादोन्नेला, म्हणजे येशूची आई मेरी हिला, पोप पायस बाराव्यांनी १९४९ साली सायकलस्वारांची रक्षणकर्ती देवता म्हणून मान्यता दिली. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर, म्हणजे साडेआठ-नऊ किलोमीटरांत साडेपाचशे मीटर चढायचे. सरासरी चढ शेकडा सहाच्या आसपास पडतो, असे मित्राने समजावले. पण या घाटाच्या मध्यावर रस्ता काही काळ सपाट होतो आणि थोडा उतरतोही. ती सूट मधे दिलेली असल्यामुळे तिच्या आधीची आणि नंतरची वसुली काही ठिकाणी शेकडा चौदापर्यंत जाते. सरासरीच्या हिशेबात उताराची पुण्याई चढाच्या खात्यावर जमा होते, पायांच्या हिशेबात ती होत नाही. सर्वांत हलक्या गिअरवर आल्यावरही माझे बोट आणखी हलका गिअर शोधत कळ दाबतच राहिले. जिच्या दारी पोचण्यापूर्वीच माणसाला तिची सर्वाधिक गरज भासते, अशी ही देवी आहे.

आत मात्र मी गप्प झालो. भिंतीभर शर्यतींच्या जर्सी आणि सायकली टांगलेल्या आहेत. बार्ताली, कोप्पी आणि मर्क्स या गाजलेल्या शर्यतवीरांच्या सायकली तिथे आहेत. त्यांत एक मोडकी सायकल आहे, फाबिओ कासार्तेल्लीची. हा कोमोचाच मुलगा, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये एका घाटाच्या उतारावर पडून मरण पावला. बाहेर येऊन मी हेल्मेटचा पट्टा पुन्हा तपासला आणि बेल्लाजोपर्यंतचा सगळा उतार ब्रेकवर बोटे ठेवून उतरलो. मित्र खाली वाट पाहत होता, पण त्याने काही विचारले नाही.

त्यानंतर बोटीने पलीकडच्या वारेन्ना गावी गेलो. गावाच्या वर वेत्सिओचा किल्ला आहे आणि परंपरा त्याचा संबंध एकेकाळी इटलीत राज्य केलेल्या लोंबार्ड लोकांची राणी थेओदोलिंदा हिच्याशी जोडते. शत्रूला वर येताना दम लागावा म्हणून किल्ले उंचावर बांधत, हे मला ठाऊक होते. शेकडो वर्षांनंतरही ती योजना अचूक चालते, हे नव्याने कळले. सायकली खाली ठेवून दगडी पायवाटेने क्लीटच्या बुटांनी चढताना माझा आवाज नाल ठोकलेल्या घोड्यासारखा येत होता आणि एकंदर चाल त्याच घोड्याच्या म्हातारपणाची होती. माझे आगमन किल्ल्याला पाच मिनिटे आधीच कळले असावे.

या किल्ल्यावर पर्यटकांना बसवून, त्यांच्यावर कापड आणि प्लास्टर चढवून केलेली पांढरी पोकळ भुते जागोजागी ठेवलेली असतात. त्यांच्याशेजारची जागा मोकळी दिसली म्हणून मी टेकलो. घामाचे मीठ सुकून जर्सीवर पांढरे नकाशे उमटले होते, मान खाली होती आणि हालचाल करण्याची इच्छा उरली नव्हती. एका बाईंनी ओळीने भुतांचे फोटो काढत आणले आणि माझाही काढला. मी “नमस्कार” म्हणालो तेव्हा त्यांच्या हातून फोन निसटता निसटता राहिला.

वारेन्नाहून लेक्कोपर्यंत ब्रेवा होता. समोरून येणाऱ्या हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे म्हणतात. मी त्यावर वेगच न ठेवण्याचा उपाय करून पाहिला, पण वारा स्वतःचा वेग घेऊनच आला होता. शेजारून डोंगराच्या बोगद्यांत शिरत-निघत आगगाडी जात होती. तिच्या खिडकीत बसलेली माणसे मला कधी नव्हे इतकी सुसंस्कृत वाटली.

रात्री मित्राने नकाशा पसरला. तलावाच्या उत्तर टोकाला, कोलिकोजवळ, स्पॅनिश गव्हर्नर फुएन्तेस याने १६०३ साली बांधायला घेतलेला किल्ला आहे.

“टेकडीवर आहे का?” मी विचारले.

“आहे. पण किरकोळ.”

मी काही बोललो नाही. पहाटे हळूच उठलो, सायकल आवाज न करता जिन्यावरून उतरवली आणि लेक्कोच्या स्टेशनवर गेलो. सायकलचे वेगळे तिकीट काढावे लागते, म्हणून जरा लवकरच. रांगेत माझ्यापुढे एकच माणूस होता आणि त्याच्या हातातली सायकल माझ्या चांगल्याच ओळखीची होती.

“वारा उत्तरेचा आहे रे,” तो मागे न पाहता म्हणाला.

“किरकोळ असेल.”

“पण आहे,” म्हणत त्याने दोघांची आणि दोन्ही सायकलींची तिकिटे काढली.