उत्तरायण आज लागलं नाही

"आजपासून उत्तरायण सुरू. आपल्या ऋषींनी हे दिव्यदृष्टीने जाणलं होतं." आज संक्रांत, आणि सकाळपासून चार ग्रुपवर हाच मेसेज. दोन्ही वाक्यं चूक, आणि दुसरं जास्त झोंबतं.

उत्तरायण, म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकू लागणं आणि मध्यान्हीची सावली आखडू लागणं, ते 21-22 डिसेंबरलाच लागलं. निरयन पद्धतीने, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजल्या तर, सूर्य मकरेत आता जातो, हे मान्य; तिळगूळ आजच वाटायचा. पण अयनचलनामुळे, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत अयनाची जागा हळूहळू सरकत असल्यामुळे, साधारण 72 वर्षांत एक दिवस, असं करत अयन आणि संक्रांतीत चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय.

आणि दिव्यदृष्टी कसली? शंकू होता, सावली मोजायची उभी काठी! बारा अंगुळं उंचीची. सूर्यसिद्धान्त हा जुना खगोलग्रंथ स्पष्ट सांगतो: पाण्याने समपातळी तपासलेल्या शिळेवर वर्तुळ काढा, मध्यभागी शंकू उभा करा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे खूण, दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. तिच्यावर लंब टाकला की दक्षिणोत्तर, त्या रेषेवर सावली आली की मध्यान्ह.

पुण्यात एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली अयनदिनी, म्हणजे 21-22 डिसेंबरला, 90 सेंटीमीटर भरते, आज 84च्या आत. सहा सेंटीमीटर! मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं तरी मोजायचं.

सोपं नाही हे, कबूल. अयनाच्या आसपास आठवडाभर सावली दोन-तीन मिलिमीटरही हलत नाही आणि टोकाची कड त्याहून जास्त पुसट असते. काठी एका अंशाने कलली तर पावणेदोन सेंटीमीटरची चूक. म्हणून सावली सर्वांत लांब असतानाच नेमका दिवस शोधायचा नाही. 1 डिसेंबरच्या सुमारास सावली रोज चार-पाच मिलिमीटर वाढते, तेव्हा खूण करायची. तेवढीच सावली 11 जानेवारीच्या आसपास परत येते. मधला दिवस काढा, 21-22 डिसेंबरच येतो.

सहाव्या शतकात वराहमिहिर या ज्योतिर्विदाने बृहत्संहिता या ग्रंथात लिहिलं, जुन्या शास्त्रात उत्तरायण सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना सांगितलंय, आपल्या काळात ते मकर राशीच्या आरंभी होतं. खात्री प्रत्यक्ष पाहून करा, मोठ्या वर्तुळात सावलीच्या शिरण्या-निघण्याच्या खुणांनी. पूर्वजांचं लिखाण समोर असतानाही तो माणूस सावली बघायला सांगतो. दिव्यदृष्टी म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते हो, राग त्याचा येतो.

मेसेज पाठवणाऱ्यांवर राग नाही, आपलीच माणसं आहेत. येत्या 1 डिसेंबरला गच्चीत ओळंब्याने (दोरीला टांगलेल्या वजनाने) काठी सरळ उभी करा, खडूने खूण करा. पुढे दीड महिना काठी हलवू नका.