अप्पर, डिप्पर आणि ढिम्म

दुसऱ्याच्या गाडीत सुधारणा करण्याची माझ्या मेहुण्याला भारी हौस. स्वतःची गाडी मात्र तो शोरूममधून आली तशीच चालवतो. यंदा भाऊबीजेला त्याने बहिणीला साडी आणली आणि मला हेडलाइटचे बल्ब. 100/90 वॅटचे.

"दाजी, तुमच्या गाडीला लाइट नाहीत, समया आहेत," असं म्हणून तो लगेच बोनेट उघडून उभा राहिला. कंपनीचे बल्ब 60/55 वॅटचे होते, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) 60 आणि डिप्परला (जवळच्या, खालच्या झोताला) 55. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये, तेलकट डाग पडला की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, असं खोक्यावर चित्र काढून सांगितलेलं असतं. मेहुण्याने ते खोकं चिवड्याच्या बशीखाली ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात रात्री कराडहून चिपळूणला निघालो. पाटणपर्यंत मी खूश होतो. रस्त्यावर एवढा उजेड की लांबचे मैलाचे दगडही वाचता येत होते. कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय." मी म्हटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील. दोन वळणं गेली तरी पुढे ट्रक काही दिसेना. मग डावा दिवा मिचमिचू लागला. खड्ड्यात गाडी आदळली की लागायचा, सपाटीला आली की जायचा. घाटात खड्ड्यांना तोटा नसल्यामुळे तो बहुतेक वेळ चालूच राहिला.

चिपळूणला बल्ब काढायला गेलो तर होल्डरही त्याच्यासोबत बाहेर आला. प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलं होतं, कडा करपून तपकिरी झाल्या होत्या आणि वायरचं आवरण टणक होऊन बोटात तुटत होतं. फ्यूज मात्र ठणठणीत. 15 अँपिअरच्या फ्यूजला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो, 100 वॅटचा आठाच्या वर. करंट एवढा वाढला की त्याच वायरीत आणि त्याच पिनेत पावणेतीन पट उष्णता तयार होते. शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल, पण मंद आचेवर होल्डर शिजत असेल तर तो शांत बसून राहतो.

कराडला परत आल्यावर गाडीभोवती तज्ज्ञ जमले. एकाचं मत बॅटरी, दुसऱ्याचं अल्टरनेटर. वॉचमन म्हणाला, उंदीर. मेहुण्याने फोनवर निदान केलं, "रिले किट टाका, दाजी. बॅटरीवरून थेट सप्लाय, बटणावर लोडच नाही." हे बरोबर होतं, याचंच जास्त वाईट वाटलं. जाड वायरी, सिरॅमिकचे होल्डर आणि दोन रिले, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटवर दिव्याचा मोठा करंट जोडणारे स्विच, असं किट आलं. दुकानातल्या पोराने ते झटक्यात जोडलं. बटण फिरवलं. ढिम्म. अप्पर नाही, डिप्पर नाही, रिलेची टिकटिकसुद्धा नाही. पोराने रिले बदलले, फ्यूज बदलले, शेवटी स्वतःची टोपी उलटी घातली.

मग शेजारच्या गल्लीतले वयस्कर मिस्त्री आले. हातात एक टेस्ट लॅम्प, म्हणजे एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्याला सुई असलेला छोटा दिवा, बाकी काही नाही. त्यांनी त्याची क्लिप बॅटरीच्या मायनसला लावली, सुई गाडीच्या मूळ कपलरच्या (बल्बला जोडायच्या सॉकेटच्या) डिप्परच्या पिनेत खुपसली. अंधार. मग एक शब्द न बोलता क्लिप काढून प्लसला लावली आणि तीच सुई त्याच पिनेत. दिवा लख्ख पेटला.

"साहेब, बटण प्लस तोडत नाही, मायनस तोडतंय."

काही जपानी घराण्याच्या गाड्यांत असंच असतं. बल्बच्या सामाईक पिनेत प्लस कायम तयार असतो आणि बटण अप्पर किंवा डिप्परला अर्थिंग, म्हणजे मायनस, पुरवतं. किट बनवणाऱ्याने उलट धरलं होतं. बिचाऱ्या रिलेच्या दोन्ही टोकांना मायनसच मिळत होता, तो कशाला उचलतोय! मिस्त्रींनी रिलेची एक वायर बॉडीवरून काढून सामाईक पिनेवर घेतली, टेप गुंडाळली आणि चहा सांगितला. निदानाचे पैसे घेतले नाहीत, चहाचे मी दिले. माझ्या मते किटच्या खोक्यावर एवढं एक वाक्य छापायला हरकत नव्हती, पण त्या जागेवर वाघाचं चित्र होतं.

आता दिवे लागतात. इतके लागतात की समोरून येणारा प्रत्येक एसटीवाला मला डिप्पर मारतो आणि मी डिप्परवरच असतो. म्हणून फोकस खाली घ्यायला परवा रात्री सोसायटीच्या भिंतीसमोर गाडी लावली. स्क्रू उलटा फिरला आणि झोत थेट पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत गेला. काकू बाहेर आल्या. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या वाकून म्हणाल्या,

"थांबा, बंद नका करू. थोडं डावीकडे घ्या. संध्याकाळी टॉवेल खाली पडलाय, दिसतोय का बघते."