'पूर्वीचे गुरुजी सातवी पास होते'

शिक्षक दिन जवळ आला की एक मजकूर ग्रुपवर फिरतोच: 'पूर्वीचे गुरुजी सातवी पास, पगार तुटपुंजा, पण निष्ठा अपार. आताचे डबल ग्रॅज्युएट, पगार लाखभर, निष्ठा शून्य.' जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं काढलीत, म्हणून एकदाच उत्तर देतो.

'पगार लाखभर.' मिळतो, पण सेवा संपत आलेल्यांना. 2000 पासून महाराष्ट्रात नवा शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षणसेवक' असतो, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर. मी 3000 वर लागलो. 2022 संपेपर्यंत प्राथमिकचं मानधन महिना 6000 होतं, जानेवारी 2023 पासून 16000 झालं. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतनच 15000, भत्ते वेगळे. त्याला मिळतं याचं दुःख नाही, त्यालाही घर आहे. पण डीएड होऊन, टीईटी ही पात्रता परीक्षा देऊन आलेल्या पोराने तेव्हा 6000 बघून काय समजायचं?

'शिक्षण वाढलं, निष्ठा गेली.' इथे खरी मेख आहे. सहावी ते आठवीला पदवीधर विषयशिक्षक लागतात: एक भाषेला, एक गणित-विज्ञानाला, एक सामाजिक शास्त्राला. पण पदवीधर वेतनश्रेणी, म्हणजे वरचा पगार, वर्षानुवर्षं एक तृतीयांश पदांनाच. म्हणजे तिघांचं काम सारखं, मस्टर एकच, आणि श्रेणी एकाला.

आमच्या विज्ञानाच्या सरांनी नोकरी सांभाळून बीएस्सी केलं. शनिवारी लिटमस कागद, स्पिरिटचा दिवा स्वतःच्या खिशातून आणायचे. पोरं दप्तर टाकून टेबलाभोवती. श्रेणी ज्येष्ठतेने दुसऱ्याला गेली. सर तास बुडवत नाहीत, पेपर वेळेत तपासतात. फक्त शनिवारचे प्रयोग बंद झाले. तपासणीला आलेल्या साहेबांना हे कुठल्याच रकान्यात दिसत नाही. पैसा कमी म्हणून माणूस इतका खचत नाही. शेजारच्या खुर्चीशी हिशेब लागत नाही, तेव्हा खचतो.

हो, पूर्ण पगार घेऊन तासाला न जाणारेही पाहिलेत. त्यांची वकिली मी करत नाही.

राहता राहिले सातवी पास गुरुजी. तेव्हाची व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झालेला माणूस गावात एखादाच. पत्र आलं, कोर्टाचा कागद आला, की लोक त्यांच्याच ओट्यावर. आणि शाळा बहुधा एकशिक्षकी. पगाराची तुलना करायला शेजारी दुसरा मास्तरच नसायचा.