जुन्या खुर्च्यांचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुन्या बाजारातून आणलेल्या खुर्च्या घरी दुरुस्त करून वापरण्याविषयी मी लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण सुतारकाम करणाऱ्या घरात वाढलात असे लिहिले आहे, त्यामुळे आपले आक्षेप मी पुन्हा पुन्हा वाचले. इतर वाचकांसाठी ते थोडक्यात असे आहेत : दुरुस्त करावी ती महागाची वस्तू, स्वस्त खुर्ची मुळात फेकण्यासाठीच असते, स्वतःच्या श्रमाची मजुरी धरली तर अशी खुर्ची नव्या खुर्चीपेक्षा महाग पडते, अशा सामानाबरोबर घरात ढेकूण येतात, आणि हौशी माणसाने पटाशी हातात घेतली की लाकडाचे नुकसान होते व कारागिराचे काम जाते.

पहिला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीचे त्याच्याच आधाराने उभे आहेत. खुर्ची दुरुस्त होईल की नाही हे तिच्या किमतीवरून ठरत नाही, तिचे सांधे उलगडता येतात की नाही यावरून ठरते. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या आपण पाहतो, त्यांचे मूळ व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्यातून १८५९ साली निघालेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत आहे. ती दिवाणखान्यात मिरवण्यासाठी नव्हे, तर सामान्य गिऱ्हाइकाला परवडावी अशी केलेली होती. लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यावर ती उभी राहते, आणि सुटे भाग केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत असत. जी वस्तू सुटी करून जहाजात भरता येते, तिचा एक पाय मोडला तर तो पाय बदलता येतो. ती स्वस्त होती आणि दुरुस्त होण्याजोगीही होती, आणि या दोन्ही गुणांचे कारण एकच होते.

याच्या उलट आज बाजारात मिळणारी पार्टिकल बोर्डाची खुर्ची पाहावी. तिचा स्क्रू एकदा ढिला झाला की भोवतालचा दाबलेला भुसा सुटतो आणि त्या भोकात पुन्हा काहीच नीट धरत नाही. पाणी लागले तर फळी फुगते आणि फुगलेली फळी मूळ मापावर येत नाही. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय तडकला तर तो चिकटवायला घरातला कोणताही डिंक उपयोगी पडत नाही, कारण त्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला, तो धरतच नाही. फेकण्यासाठी असते असे आपण म्हणता ते या खुर्च्यांविषयी खरे आहे, आणि त्या विकत घेऊन दुरुस्त कराव्यात असे मी कोठेही सुचवलेले नाही.

मी लिहिले ते शाळा आणि कचेऱ्यांतून कंडम ठरून बाहेर पडलेल्या, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात रचून ठेवलेल्या सागवानी खुर्च्यांविषयी. नोंदवहीत ‘निर्लेखित’ असा शेरा पडला म्हणून लाकूड संपत नाही. चंडीगढच्या सरकारी इमारतींसाठी वास्तुविशारद पिएर जान्नरे यांच्या देखरेखीखाली १९५०च्या दशकात घडलेल्या सागवान आणि वेताच्या खुर्च्याही अशाच भंगारात काढल्या गेल्या, लिलावात किरकोळ भावाने विकल्या गेल्या आणि पुढे परदेशी लिलावांत लाखोंच्या किमतीला पोहोचल्या. अखेर २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांची विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश काढावा लागला. आपल्या जुन्या बाजारातली खुर्ची लाखाला जाणार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण कार्यालयाने टाकलेल्या वस्तूची पारख कार्यालयाच्या शेऱ्यावरून करू नये, एवढे त्यातून दिसते.

आता हिशेबाचे. आपण कामाचे सगळे तास मजुरीच्या दराने मोजले आहेत, परंतु या कामातला बराचसा वेळ वाट पाहण्याचा असतो. सांधा चिकटवला की रात्रभर तसाच ठेवायचा, पॉलिशचा एक हात दिला की वाळू द्यायचा. प्रत्यक्ष हात चालतो तो वेळ त्या मानाने थोडा असतो. शिवाय तुलना कशाशी करायची हाही प्रश्न आहे. प्लास्टिकच्या खुर्चीशी केली तर आपण म्हणता तशी जुनी खुर्ची महाग पडेल. परंतु भरीव सागवानाच्या, साल-कुसूच्या (साल म्हणजे लाकडात कोरलेली खाच, कुसू म्हणजे तिच्यात बसणारे टोक) सांध्याच्या नव्या खुर्चीशी केली, आणि तीच तुलना न्याय्य आहे, तर स्वतःची मजुरी धरूनही जुनी स्वस्त पडते.

हौशी माणसाकडून नुकसान होते हे आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्याचे कारण मला कौशल्याच्या अभावापेक्षा घाईत जास्त दिसते. खुर्ची डुगडुगली की पहिली गोष्ट होते ती खिळा ठोकण्याची. तो खिळा कुसूमधून आरपार जातो, लाकूड उभे चिरते, आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसणाऱ्या त्या लाकडात काही वर्षांत पुन्हा सैल होतो. दमटपणात लोखंडाची सागवानातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी प्रक्रिया होऊन भोवती काळा डाग पडतो तो वेगळाच. बाहेरून ठोकलेल्या लोखंडी पट्टीचेही तेच होते. सैल सांध्यावर खरा उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे सांधा पूर्ण उघडणे.

जुन्या खुर्चीत हे शक्य होते ते सरसामुळे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकामुळे. फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही अनेक खुर्च्या सरसाने जोडलेल्या आहेत. सरस कोमट पाण्याने मऊ होतो. सांध्यावर ओले फडके गुंडाळून ठेवावे, थोड्या वेळाने लाकडी हातोडीने, मध्ये कापडाची घडी धरून, हलके ठोके द्यावेत, म्हणजे कुसू बाहेर येते. आधी प्रत्येक भागावर खडूने खूण करावी, कारण हाताने घडलेल्या खुर्चीत डाव्या पायाची कुसू उजव्या पायाच्या सालीत बसेलच असे नाही. जुना सरस कोमट पाण्याने पुसून आणि बोथट पात्याने खरवडून काढावा, पण लाकूड खरवडू नये, नाहीतर सांधा आणखी सैल होतो. कुसू झिजलेली असेल तर रंध्याने काढलेला सागवानाचा पातळ पापुद्रा तिच्यावर चिकटवून ती पुन्हा घट्ट बसेल इतकी भरावी. नंतर सांधा सरसाने किंवा फेव्हिकॉलने जोडावा. जुन्या सरसाच्या अंशावर नवा सरस बसतो, फेव्हिकॉलला मात्र अगदी स्वच्छ लाकूड लागते. क्लॅम्प नसतील तर चारही पायांभोवती सुती दोरीचे दोन फेरे घ्यावेत, मध्ये काठी घालून पीळ द्यावा आणि काठी आडव्या पट्टीला अडकवावी. चिकटवण ओले असतानाच खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात की नाही हे पाहावे. हे राहिले तर डुगडुगणे कायमचे होते.

पॉलिशचेही तसेच. यंत्राने घासून लाकूड उघडे करण्याची आपल्याला जी चीड आहे, तीच मला आहे. आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून बैठकीच्या खालच्या अंगाला चोळावा; तपकिरी रंग बोळ्यावर आला आणि जागा चिकट झाली तर ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश आहे. ते घासून काढावेच लागत नाही; स्पिरिटने सारखे करून त्यावर नव्या लाखेचे पातळ हात देता येतात. हे काम पावसाळा संपल्यावर करावे, कारण दमट हवेत लाखेवर पांढरट छटा येते.

ढेकणांची भीती खरी आहे, पण ती आवरता येण्याजोगी आहे. खुर्ची घरात नेण्यापूर्वी बाल्कनीत किंवा अंगणात उलटी करून वेताची भोके आणि सांध्यांच्या फटी पाहाव्यात, काळे ठिपके दिसले तर तिथे उकळते पाणी सोडावे, आणि गादी शिवलेली खुर्ची असेल तर जुने कापड व काथ्या घराबाहेरच काढून टाकावा. आपण उल्लेख केलेला नाही असा एक धोका मला याहून मोठा वाटतो, आणि तो जुन्या ऑइलपेंटचा आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेली खुर्ची कोरडी घासली तर शिसे असलेली धूळ घरात पसरू शकते. लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असलेल्या घरात अशी खुर्ची आणूच नये असे मी म्हणेन. इतरांनीही रंग ओला ठेवून, घराबाहेर, तोंडावर धुळीचा चांगला मास्क लावूनच काढावा.

राहिला कारागिराचा प्रश्न, आणि त्यात आपल्या भावना मी समजू शकते. मोडलेला पाय नवा घडवणे, कातकाम केलेला खांब जुळवणे, तुटलेली साल भरून नव्याने कोरणे ही सुताराचीच कामे आहेत. वेत विणण्याचेही तसेच आहे. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचा वेत वर्षानुवर्षे अंध कारागीर विणत आले आहेत, आणि त्यांच्या बोटांना असलेला ताणाचा अंदाज घरी बसून येत नाही. वेत फक्त सैल पडला असेल तर खालून गरम पाण्याचे फडके फिरवून सावलीत वाळवल्यास तो पुन्हा ताणतो; तुटला असेल तर विणणाऱ्याकडेच जावे. पण ज्या खुर्चीसाठी कुणी सुताराला बोलावलेच नसते, जी थेट जळणात गेली असती, ती घरी उघडून पाहणारा माणूसच पुढे सुताराकडे जातो. खिळे ठोकू नका, सांधा उघडा, त्याला लागेल तो वेळ घ्या आणि त्याचे पैसे घ्या, असे तो सुताराला सांगू शकतो, कारण सांध्यात काय असते ते त्याने स्वतः पाहिलेले असते.