नुसत्या शंखाच्या फोटोवरून नवी प्रजाती होत नाही

नांदेड, परभणी, लातूरकडच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय. जपानजवळच्या खोल समुद्रात लिंपेट नावाच्या सागरी प्राण्याची नवी प्रजाती नुसत्या शिंपल्यावरून ठरवली गेली. तेव्हा वेगळा शिंपला दिसला की फोटो काढा, लांबी-रुंदी मोजा, स्वतःच्या आडनावावरून नाव ठेवा आणि ऑनलाइन नोंदवून टाका. डीएनए लागत नाही, संग्रहालय लागत नाही, असा त्याचा आशय. यातला डीएनएचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यावर विसंबून एम.एस्सी.चा प्रकल्प घेतला तर वर्ष वाया जाईल.

आधी शब्द दुरुस्त करू. लिंपेट हा शिंपल्यातला प्राणी नाही. शिंपल्याला दोन झडपा असतात. लिंपेट गोगलगायीच्या वर्गातला, त्याच्या पाठीवर एकच शंख, पालथ्या पणतीसारखा. संदेशातली प्रजाती म्हणजे २०२५ मध्ये वर्णन झालेली बॅथिलेपेटा वादात्सुमी. शिनकाई ६५०० या पाणबुडीने ती वायव्य पॅसिफिकमध्ये ५,९२२ मीटर खोलीवरच्या खडकावरून आणली. तिथे रिकामा शंख नव्हे, आतल्या प्राण्यासकट नमुना हाती होता.

आकार वेगळा म्हणजे प्रजाती वेगळी, हा संदेशातला सगळ्यात घातक भाग. पालथ्या वाटीचा आकार मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांच्या मोठ्या गटात, अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे, त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे दोन शंख एकमेकांचे अगदी दूरचे नातलग असू शकतात. गॅलाथिया या डॅनिश संशोधन जहाजाला १९५२ मध्ये कोस्टा रिकाजवळ साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात मिळालेला निओपिलिना हा मृदुकाय प्राणी वरून पाहिला तर लिंपेटच वाटावा. पण शंख उलटा करून पाहिलं तर लिंपेटमध्ये स्नायूचा एकच ठसा असतो, घोड्याच्या नालेसारखा, डोक्याच्या बाजूला उघडा. निओपिलिनात ठशांच्या जोड्या असतात. प्राणिशास्त्रज्ञ हेनिंग लेम्के यांनी १९५७ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा तो गोगलगायींच्या वर्गातला नाही, लाखो नव्हे तर कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचं मानलेल्या निराळ्याच वर्गातला आहे हे जगाला कळलं. म्हणून शंख हाती आला की आधी आतली बाजू पाहायची.

दुसरीकडे, एकाच प्रजातीतले शंखही एकसारखे नसतात. लिंपेट ज्या खडकाला चिकटून राहतो, त्याच्या उंचवट्यांप्रमाणे शंखाची कड वाढते. खोल समुद्रात चुना सहज विरघळतो, त्यामुळे शिखर झिजलेलं असतं. झिजलेल्या शिखरावरून उंची मोजली तर ती कमी भरते, शिखर कडेपासून किती अंतरावर आहे तेही चुकतं, आणि शिखरावरचा डिंभकावस्थेतला, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाचा, इवलासा शंख, जो ओळखीसाठी फार मोलाचा, तो गेलेला असतो. म्हणून लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरच्या दशांशापर्यंत घ्यावी, झीज झाली असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि मिळाले तर लहान-मोठे अनेक नमुने मोजावेत.

डीएनएचा मुद्दा: प्राणी नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता डीएनए सक्तीचं करत नाही, हे खरं. पण पॅसिफिकच्या तळाशी उष्ण झऱ्यांवर राहणाऱ्या लेपेटोड्रिलस फ्युकेन्सिस या लिंपेटचा, गोर्डा कटक या समुद्रतळावरच्या डोंगररांगेवरचा समूह वेगळी प्रजाती आहे, हे २००६ मध्ये डीएनएमुळेच पुढे आलं. शंख इतके सारखे होते. डीएनए नसेल तर निदान रॅड्युला, म्हणजे तोंडातली किसणीसारखी दातांची फीत, काढायलाच हवी. तोंडाचा भाग कापून पातळ केलेल्या ब्लीचमध्ये ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली नजर ठेवायची, आणि मांस विरघळताच स्वच्छ पाण्यात धुवायचं. काही मिनिटं जास्त झाली की फीतच सुटते आणि दात विखुरतात. मग ओळीत कोणता दात कुठे होता ते कळायला मार्ग राहत नाही.

फोटो हा नमुना नव्हे. संहितेनुसार १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) किंवा सिनटाइप (तसे अनेक नमुने) स्पष्टपणे ठरवावे लागतात, ते कोणत्या संग्रहात ठेवले ते लिहावं लागतं, आणि जवळच्या प्रजातींपेक्षा फरक काय ते शब्दांत सांगावं लागतं. झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद म्हणजे प्रकाशन नव्हे. आडनावाची हौस असेल तर ती आपोआप भागते: प्रजातीच्या नावामागे वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल लागतंच. स्वतःच्याच नावाने प्रजाती सहसा कुणी ठेवत नाही.

संग्रहालय लागत नाही, हे तर कायद्याच्याही विरुद्ध. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३९ प्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नेमून दिलेल्या संग्रहाकडे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हा त्यातला एक. महाविद्यालयाच्या लाकडी कपाटात शंखावर पांढरी पूड धरते, ती बुरशी समजून पुसली जाते. ती बुरशी नसते. लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या आम्लवाफेने शंखाचा चुनाच उतरत असतो. फॉर्मॅलिनही नको: ते आम्लधर्मी होतं, पातळ शंख खातं आणि डीएनएही बिघडवतं. प्राणी ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा.

समुद्र लांब आहे म्हणून हात थांबवू नका. भारतातल्या गोड्या पाण्यात फेरिसिया नावाचा, जेमतेम काही मिलिमीटरचा, टोपीसारख्या शंखाचा प्राणी आहे. समुद्री लिंपेटशी त्याचं जवळचं नातं नाही. नाथसागराच्या किंवा गावच्या तळ्याच्या काठी बुडालेली पानं आणि दगड उलटून पाहा. मिळाला तर शंख पालथा करा, ठसा शोधा, तीनही मापं घ्या, मग रॅड्युला काढा.