मानक एक म्हणजे अभ्यासक्रम एक नव्हे

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आणि इतर संघीय खात्यांनी ऑनलाइन प्रशिक्षणासाठी स्वीकारलेल्या सामायिक मानकांवर एक टीका वारंवार पुढे पाठवली जाते. तिचा आशय असा : स्कॉर्म या, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण प्रणाली यांचा मेळ बसवणाऱ्या मानकाने सैनिकापासून कारकुनापर्यंत सर्वांना ‘पुढे’चे बटण दाबत बसण्याच्या एकाच साच्यात कोंबले, त्याऐवजी सर्वांसाठी एकच प्रशिक्षण प्रणाली (अभ्यासक्रम चालवणारे सॉफ्टवेअर) विकत घेतली असती तर भागले असते, आणि एक्सएपीआय हे शिकण्याच्या नोंदींचे नवे मानक आल्यापासून या मानकाला अर्थच उरलेला नाही.

पहिला आरोप साच्याचा. स्कॉर्मची अपेक्षा मर्यादित आहे : अभ्यासक्रमाच्या फायली एका झिप फाइलमध्ये ठरावीक सूचीसह बांधाव्यात, आणि धडा ब्राउझरमध्ये उघडल्यावर तो सुरू झाला, किती गुण मिळाले, कुठवर आला, हे त्याने ठरलेल्या जावास्क्रिप्ट आज्ञांनी प्रशिक्षण प्रणालीला कळवावे. २००४ च्या आवृत्तीत धड्यांच्या क्रमासंबंधीचे नियम आले खरे, पण ते वापरायचे की नाही हे अभ्यासक्रम रचणाऱ्यावरच सोडलेले आहे. कंटाळवाणे अभ्यासक्रम तयार होतात ते जुन्या स्लाइड तशाच उचलून चढवल्यामुळे आणि ‘किती जणांनी पूर्ण केला’ एवढाच आकडा वरिष्ठ मागत असल्यामुळे. त्याचा दोष मानकाला देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मानकात खरे दोष होते, पण टीकाकार त्यांचे नावही घेत नाहीत. ऑक्टोबर २००१ च्या १.२ आवृत्तीत ‘पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण’ या दोन्ही नोंदींसाठी एकच रकाना होता. त्यामुळे धडा संपवून परीक्षेत नापास झालेल्याची अवस्था नीट नोंदवताच येत नसे. प्रशिक्षणार्थी कुठे थांबला हे लक्षात ठेवण्यासाठी फक्त ४,०९६ अक्षरांची जागा होती. अनेक फाटे फुटणाऱ्या सरावात ती अपुरी पडली, की परतलेल्या माणसासमोर पुन्हा पहिला पडदा येण्याची शक्यता असे. पुढे २००४ च्या आवृत्तीत दोन्ही नोंदी वेगळ्या झाल्या आणि तिच्या २००६ मधील तिसऱ्या सुधारणेत ही मर्यादा ६४,००० पर्यंत वाढली.

एकच प्रणाली घेण्याचा सल्ला तर मूळ दुखणेच मोठे करणारा आहे. १९९७ मध्ये एडीएल (स्कॉर्म तयार करणारा संरक्षण खात्याचा उपक्रम) सुरू झाला तो अभ्यासक्रम ज्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बनला त्यातच अडकून पडत असे म्हणून. सॉफ्टवेअर बदलले की मजकूर नव्याने बांधावा लागे. शिवाय गोपनीय संगणक-जाळी सार्वजनिक इंटरनेटपासून तोडलेली असतात आणि समुद्रावरच्या जहाजाला सतत जोडणी मिळत नाही, तेव्हा सर्वांनी एकाच सर्व्हरवर यावे ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. (हे निव्वळ लष्करी खूळ होते असेही नाही : प्रणालीशी संवाद साधण्याची पद्धत स्कॉर्मने विमान उद्योगाच्या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या एआयसीसी समितीकडून घेतली.)

एक्सएपीआयबद्दलचा दावा अर्धवट माहितीवर उभा आहे. एप्रिल २०१३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि ‘कोणी, काय केले, कशावर’ अशा विधानांमुळे सिम्युलेटरवरचा किंवा मोबाइलवरचा सरावही नोंदवता येऊ लागला. मात्र अभ्यासक्रम कसा बांधावा, प्रणालीने तो कसा सुरू करावा, पूर्ण कधी मानावा, हे एक्सएपीआय सांगत नाही. ती उणीव भरण्यासाठी २०१६ मध्ये सीएमआय५ हे पूरक नियम आणावे लागले. म्हणजे सामायिक नियमांची गरज संपली नाही, नियमच बदलले. संरक्षण खात्याने २०१७ च्या सुधारित निर्देशात मानकांचा तपशील वेगळ्या संदर्भ-दस्तऐवजात ठेवला, जेणेकरून मूळ आदेशाला हात न लावता तो अद्ययावत करता यावा.

एक तक्रार मात्र रास्त आहे : एका खात्यात पूर्ण केलेले सुरक्षा-प्रशिक्षण दुसऱ्या खात्यात पुन्हा करावे लागू शकते. स्कॉर्मचा धडा फक्त त्याला सुरू करणाऱ्या प्रणालीशी बोलतो. ती नोंद दुसऱ्या प्रणालीकडे पोहोचवणे त्याच्या कक्षेत येत नाही, आणि पोहोचलेली नोंद ग्राह्य धरायची की नाही हा निर्णय त्या त्या खात्याच्या प्रशासनाचा असतो.